युरोपातला नोटरी: एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालतो तो कशाच्या जोरावर

आपल्याकडे नोटरीचं काम पाच मिनिटांत उरकतं. ओळखपत्र बघायचं, रजिस्टरमध्ये सही घ्यायची, तिकीट लावून शिक्का मारायचा. कागदात काय लिहिलंय, सही करणाऱ्याला ते समजलंय का, ते कायद्यात बसतं का, याची जबाबदारी त्या शिक्क्याबरोबर फारशी येत नाही. ही कल्पना डोक्यात ठेवून जर्मनीत फ्लॅट घ्यायला किंवा फ्रान्समध्ये वारलेल्या नातलगाची मालमत्ता सोडवायला गेलेला माणूस गोंधळून जातो. तिथे घराची मालकी, वारसा आणि मृत्युपत्र यांची वाट नोटरीच्या टेबलावरून जाते.

युरोपीय संघाच्या २७ पैकी २२ देशांत रोमन कायद्याच्या परंपरेतला नोटरी आहे. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, आयर्लंड आणि सायप्रस या पाच देशांत तो नाही. या २२ देशांतला नोटरी कायद्याचं शिक्षण घेतलेला असतो, त्याची नेमणूक सरकारकडून होते, आणि तो विकणाऱ्याचा वकील नसतो तसा घेणाऱ्याचाही नसतो. आपल्या ओळखीच्या शब्दांत सांगायचं तर टायटल सर्च करणारा वकील, दस्त लिहिणारा आणि सह्यांच्या वेळी समोर बसलेला दुय्यम निबंधक, या तिघांची बरीचशी कामं त्या एकाकडे येतात. जमिनीची नोंदवही मात्र त्याच्याकडे नसते. जर्मनीत ती स्थानिक न्यायालयाकडे असते.

त्याने केलेल्या दस्ताला आपण इथे ‘अधिकृत दस्त’ म्हणू. या दस्ताची तारीख, सह्या आणि नोटरीने समोर पाहिलेल्या गोष्टी न्यायालय खऱ्या धरून चालतं. खोटं ठरवायचं असेल तर पुराव्याचा भार आक्षेप घेणाऱ्यावर. मूळ प्रत कायम नोटरीच्या दप्तरात राहते, पक्षकारांना नकला मिळतात, त्यामुळे मूळ दस्त हरवला ही तक्रार उद्भवतच नाही. आणि देणेकऱ्याने दस्तातच तशी कबुली दिली असेल तर वसुलीसाठी वेगळा दावा लावावा लागत नाही, दस्तावरून थेट जप्ती सुरू करता येते. १० जानेवारी २०१५ पासून अशा दस्ताची अंमलबजावणी दुसऱ्या सदस्य देशातही करता येते, तिथल्या न्यायालयाची आधी परवानगी घ्यावी लागत नाही. गृहकर्जाच्या तारणाचा दस्त नोटरी वाचत असताना ही कबुलीची ओळ येते. ती येते तेव्हा थांबवून नीट विचारून घ्या.

सीमेपलीकडच्या कायदेशीर सुरक्षिततेचं मर्म इथेच आहे. वाद झाल्यावर कोर्टात जाण्यापेक्षा, वाद होऊच नये म्हणून सहीच्या आधी एका जबाबदार माणसाने सगळं तपासलेलं असतं, आणि त्या तपासणीवर दुसऱ्या देशातली बँक, न्यायालय आणि नोंदणी कार्यालय विश्वास ठेवतं. पण तो विश्वास ठरलेल्या जागी संपतो. लोकांचे पैसे आणि महिने अडकतात ते याच जागांवर.

घर घेताना

जर्मनीत जमीन किंवा फ्लॅटचा करार नोटरीपुढे झाला नाही तर तो रद्दबातल. विकणारा व्यावसायिक आणि घेणारा सामान्य ग्राहक असेल तर मसुदा साधारण दोन आठवडे आधी हातात पडायला हवा. ठरलेल्या दिवशी नोटरी सगळा दस्त मोठ्याने वाचून दाखवतो. तास-दीड तास लागला तरी वाचतो, कारण कायदाच तसं सांगतो. घेणाऱ्याला पुरेसं जर्मन येत नसेल तर दुभाषा लागतो, आणि ही गोष्ट आदल्या दिवशी लक्षात आली की तारीख पुढे जाते.

सही झाली म्हणजे पैसे द्यायचे असं नाही. आधी नोटरी नोंदवहीत घेणाऱ्याच्या नावाची राखीव नोंद करून घेतो. ती नोंद असली की विकणाऱ्याने तेच घर दुसऱ्याला विकलं किंवा त्यावर नवा बोजा चढवला तरी घेणाऱ्याचा हक्क वरचढ राहतो. मग जुन्या कर्जदात्या बँकेकडून बोजा उतरवण्याचे कागद येतात, गावच्या पालिकेला पहिल्या खरेदीचा हक्क वापरायचा नाही असं पत्र येतं. हे सगळं हाती आल्यावरच नोटरी ‘आता रक्कम भरा’ असं पत्र पाठवतो. त्या पत्राआधी विकणाऱ्याच्या खात्यात एक युरोही टाकू नका. रोखीचा तर प्रश्नच नाही, १ एप्रिल २०२३ पासून जर्मनीत घरखरेदीला रोख रक्कम चालत नाही. शेवटी हस्तांतरण कर भरायचा. तो राज्याप्रमाणे ३.५ ते ६.५ टक्के असतो. तो भरल्याचा कर कार्यालयाचा दाखला आला की मालकीची नोंद होते. नोटरी आणि नोंदवही मिळून किमतीच्या दीड ते दोन टक्के धरून चाला. ही फी कायद्याने ठरलेली आहे, त्यामुळे स्वस्त नोटरी शोधत फिरण्यात अर्थ नाही.

आता हे घर पुण्यात बसून विकायचं असेल तर? मुखत्यारपत्र लागतं, आणि जर्मन नोंदवहीला त्यावरची सही अधिकृतपणे प्रमाणित हवी. आपल्या इथल्या नोटरीचा शिक्का तिथे पुरत नाही, त्याची कारणं पुढे येतील. सोपा रस्ता म्हणजे जर्मन वाणिज्य दूतावासात वेळ घेऊन तिथल्या अधिकाऱ्यासमोर सही करणं. मजकूर मात्र जर्मनीतल्या नोटरीकडूनच मागवून घ्यावा. घरी तयार केलेल्या मजकुरात घेणाऱ्याच्या कर्जासाठी घर तारण ठेवू देण्याचा अधिकार राहून गेला किंवा फ्लॅटचं वर्णन अपुरं पडलं तर पुन्हा सगळी फेरी.

युरोपातले देशसुद्धा आपली नोंदवही एकमेकांसाठी सरसकट उघडत नाहीत. ऑस्ट्रियातल्या एका मालमत्तेच्या अर्जावरची सही चेक वकिलाने प्रमाणित केली होती, ऑस्ट्रियाने ती नाकारली. मार्च २०१७ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑस्ट्रियाची बाजू मान्य केली. जमिनीच्या नोंदवहीची विश्वासार्हता राखण्यासाठी हे काम नोटरीपुरतं राखून ठेवता येतं, असा तो निकाल आहे. काहींना हा धंद्याचा बचाव वाटतो. माझ्या मते नोंदवहीवर डोळे मिटून विसंबता यावं यासाठी ही किंमत रास्त आहे.

माणूस एका देशात, मालमत्ता तीन देशांत

खरा गुंता वारशाचा. समजा, मूळची पुण्याची, भारतीय नागरिकत्व असलेली एक विधवा बाई पंधरा वर्षं म्युनिकमध्ये राहते. लियॉनमध्ये एक छोटा फ्लॅट, लक्झेंबर्गमधल्या बँकेत ठेव, कोथरूडला वडिलांकडून आलेलं घर. ती गेली तर कोणता कायदा?

१७ ऑगस्ट २०१५ पासून झालेल्या मृत्यूंना युरोपीय संघाचा २०१२ चा वारसा नियम, क्रमांक ६५०, लागू होतो. डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीत. या नियमाचं मूळ सूत्र असं, की माणूस मृत्यूच्या वेळी जिथे नेहमीचा राहत होता तिथला कायदा सगळ्या मालमत्तेला लागू. म्हणजे लियॉनच्या फ्लॅटलाही जर्मन कायदा. याला एक पर्याय दिलेला आहे: मृत्युपत्रात स्पष्ट लिहून स्वतःच्या नागरिकत्वाचा कायदा निवडता येतो, मग तो देश युरोपीय संघाबाहेरचा असला तरी चालतो. आपल्या उदाहरणातल्या बाईंना भारतीय कायदा निवडता येईल, आणि त्या हिंदू असतील तर १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बघितला जाईल.

पण मुलांपैकी एकाला वगळण्यासाठी ही निवड करायची असेल तर सावध राहा. गोवा सोडलं तर भारतात हिंदूंना स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही देता येते. जर्मनीत वगळलेल्या मुलाला त्याच्या कायदेशीर हिश्श्याच्या निम्मी रक्कम मागता येते. फ्रान्समध्ये एक मूल असेल तर निम्मी, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश मालमत्ता मुलांसाठी राखीव असते. जून २०२२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने इंग्लिश कायदा निवडून मुलाला काहीच न ठेवणाऱ्या एका प्रकरणात, जर्मनीशी पुरेसा संबंध असल्यामुळे, ती निवड तेवढ्यापुरती बाजूला ठेवली. फ्रान्सने तर १ नोव्हेंबर २०२१ पासून कायद्यातच तरतूद केली: मयत व्यक्ती किंवा तिचं एखादं मूल युरोपीय संघाचं नागरिक वा रहिवासी असेल आणि परकी कायदा मुलांना काहीच राखून ठेवत नसेल, तर फ्रान्समधल्या मालमत्तेतून मुलाला भरपाई काढून घेता येते. चांगला नोटरी मृत्युपत्र करतानाच हे सांगतो. घरी हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला हे सांगणारं कोणी नसतं.

मृत्यूनंतरचं मुख्य साधन म्हणजे युरोपीय वारसा प्रमाणपत्र. मयत व्यक्ती जिथे नेहमीची राहत होती तिथे अर्ज करायचा. फ्रान्स, नेदरलँड्स, इटली इथे ते नोटरी देतो, जर्मनीत वारसा न्यायालय देतं, पण अर्जासोबतचं शपथेवरचं कथन तिथेही बहुधा नोटरीपुढेच होतं. मृत्यूचा दाखला, नातं सिद्ध करणारे जन्म-विवाहाचे दाखले, मृत्युपत्र असेल तर ते, आणि कोणत्या देशात कशासाठी प्रमाणपत्र हवं आहे याचा उल्लेख लागतो. अर्जाचा ठरलेला नमुना वापरणं सक्तीचं नाही, प्रमाणपत्राचा नमुना मात्र ठरलेलाच. वारसांपैकी कोणी त्यातल्या मुद्द्यांवरच आक्षेप घेतला असेल तर प्रमाणपत्र देता येत नाही, आधी वाद कोर्टात सुटावा लागतो.

एकदा ते मिळालं की त्याला खूप वजन आहे. त्यात वारस म्हणून ज्याचं नाव आहे त्याला लक्झेंबर्गच्या बँकेने पैसे दिले, आणि नंतर खरा वारस दुसराच निघाला, तरी बँक सुरक्षित. अपवाद एवढाच, की बँकेला चूक माहीत होती किंवा तिने ढोबळ निष्काळजीपणा केला. म्हणूनच बँका हा कागद निमूटपणे घेतात.

अडतं ते तीन ठिकाणी. पहिलं, मुदत. मूळ प्रमाणपत्र देणाऱ्याकडेच राहतं, वारसाला प्रमाणित नकला मिळतात, आणि नक्कल ६ महिनेच चालते. एका ऑस्ट्रियन प्रकरणात नकलेवर ‘मुदत अमर्याद’ असं छापलं गेलं होतं. युरोपीय न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये सांगितलं, की तीही ६ महिनेच धरायची, पण कार्यालयात पहिल्यांदा सादर केली तेव्हा मुदतीत असेल तर पुरे. निकाल लागेपर्यंत मुदत संपली म्हणून अर्ज फेटाळता येत नाही. तेव्हा जितकी कार्यालयं तितक्या नकला सुरुवातीलाच मागा, आणि सगळीकडे एकदमच सादर करा.

दुसरं, मालमत्तेचं वर्णन. जर्मन कायद्यात वारसाकडे सगळं एकगठ्ठा जातं, म्हणून जर्मन प्रमाणपत्रात बहुधा एकेका मालमत्तेची यादी नसते. जर्मनीत वारलेल्या एका स्त्रीच्या मुलाने, एकमेव वारसाने, असं प्रमाणपत्र लिथुआनियाच्या नोंदणी कार्यालयात नेलं. मालमत्तेचा तपशील त्यात नाही म्हणून नोंद नाकारली गेली. मार्च २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने कार्यालयाला तसं करायची मुभा दिली, कारण नोंदवहीचे नियम प्रत्येक देशाचे स्वतःचे आहेत. उपाय सोपा आहे, पण आधी करायला हवा: मालमत्ता ज्या देशात आहे तिथल्या नोटरीला विचारून भूखंड क्रमांक, नोंदवहीचं पान, फ्लॅटचा क्रमांक आणि हिस्सा त्यांना हवा तसा लिहून घ्यायचा आणि अर्ज करतानाच तो प्रमाणपत्रात घालायला सांगायचं.

नोंदवहीच्या नावाखाली वाटेल ते नाकारता येतं असं मात्र नाही. फ्रांकफुर्ट ऑडर या सीमेवरच्या जर्मन शहरात राहणाऱ्या पोलिश महिलेला, पोलिश कायदा निवडून, घरातला आपला हिस्सा मृत्यूच्या क्षणी थेट नवऱ्याच्या नावे होईल असं मृत्युपत्र करायचं होतं. जर्मन कायद्यात मृत्युपत्राने दिलेली एखादी ठरावीक वस्तू अशी आपोआप नावावर होत नाही, वारसांकडून वेगळा दस्त करून घ्यावा लागतो. म्हणून पोलंडमधल्या नोटरीच्या कचेरीने नकार दिला. ऑक्टोबर २०१७ चा निकाल तिच्या बाजूने लागला. आपल्या कायद्यात असा प्रकार नाही, एवढ्या कारणावरून जर्मनीला त्याचा परिणाम नाकारता येत नाही.

तिसरं, कर. वारसा नियम कराला लागूच होत नाही. जर्मन कायदा लागू झाला तरी लियॉनच्या फ्लॅटवर फ्रान्स आपला कर मागेल. मृत्यू फ्रान्समध्ये झाला तर विवरण ६ महिन्यांत, बाहेर झाला तर वर्षभरात द्यावं लागतं. प्रमाणपत्राची वाट बघत ही तारीख चुकवणारे वारस पुष्कळ असतात.

आणि कोथरूडचं घर? भारत या नियमाला बांधलेला नाही. भारतातल्या स्थावराला इथलाच कायदा, इथलंच वारस प्रमाणपत्र किंवा प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला). म्हणून अशा कुटुंबांनी दोन मृत्युपत्रं करावीत, एक युरोपातल्या मालमत्तेसाठी आणि एक भारतातल्या. फक्त एक काळजी घ्या: नंतरच्या मृत्युपत्रात ‘माझी यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ ही नेहमीची ओळ तशीच गेली तर पहिलं मृत्युपत्रही रद्द होऊन बसतं. कोणत्या मालमत्तेपुरतं रद्द, ते लिहा.

मृत्युपत्र आहे की नाही हे शोधायची सोयही नोटरींनीच उभी केली आहे. जर्मनीची केंद्रीय नोंद १ जानेवारी २०१२ पासून तिथल्या नोटरींची राष्ट्रीय संस्था सांभाळते, नेदरलँड्सची १९१८ पासूनची आहे. २००५ मध्ये स्थापन झालेल्या युरोपीय जाळ्यातून एका देशातला नोटरी दुसऱ्या देशातल्या नोंदीत शोध घेऊ शकतो. नोंदीत मजकूर नसतो, मृत्युपत्र कुठे ठेवलंय एवढंच असतं. कपाटात ठेवलेलं, कुठेच न नोंदवलेलं मृत्युपत्र या शोधात सापडत नाही.

नवरा-बायकोची मालमत्ता

वारसा वाटण्याआधी जोडीदाराचं स्वतःचं किती, हे ठरवावं लागतं. त्यासाठी युरोपीय संघाचे २०१६ चे दोन नियम १८ देशांत २९ जानेवारी २०१९ पासून लागू आहेत. त्यानंतर लग्न झालेल्या जोडप्याने काही लिहून ठेवलं नसेल, तर लग्नानंतर दोघं पहिल्यांदा जिथे एकत्र राहिले तिथला कायदा त्यांच्या मालमत्तेला लागतो. पुण्यात लग्न करून दोन महिन्यांत आइंडहोव्हनला संसार थाटणाऱ्या जोडप्यावर म्हणून डच नियम येतात, आणि १ जानेवारी २०१८ पासूनच्या लग्नांत तिथे लग्नानंतरची कमाई सामायिक धरली जाते. गोवा सोडलं तर भारतात नवऱ्याची कमाई नवऱ्याची, बायकोची बायकोची. हा फरक बहुतेकांना घटस्फोटाच्या किंवा मृत्यूच्या वेळी कळतो. नोटरीपुढे एक करार करून भारतीय कायदा किंवा राहत्या देशाचा कायदा निवडता येतो, लग्नानंतरही.

कंपन्यांचं थोडक्यात: एका देशातली कंपनी दुसऱ्या देशात नेताना, विलीन किंवा विभाजित करताना, निघण्याच्या देशात कायदेशीरपणाचा दाखला लागतो. नेदरलँड्ससारख्या देशांत हे काम नोटरीकडे आहे. तपासणीची मुदत साधारण ३ महिने. जर्मनीत १ ऑगस्ट २०२२ पासून मर्यादित कंपनी नोटरीपुढे व्हिडिओवरून स्थापन करता येते.

भारतातून येणारे कागद

संघातल्या संघात जन्म, मृत्यू, विवाह यांच्या दाखल्यांना १६ फेब्रुवारी २०१९ पासून अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, लागत नाही, सोबत बहुभाषी नमुना जोडला की भाषांतराचंही बहुधा भागतं. ही सवलत संघातल्या देशांच्या कागदांनाच. पुणे महापालिकेचा जन्मदाखला त्यात बसत नाही.

भारत अपोस्टिल करारात १४ जुलै २००५ पासून आहे, त्यामुळे फ्रान्स, इटली, पोर्तुगालमध्ये परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल चालतो. जर्मनीने मात्र भारताच्या प्रवेशावर हरकत नोंदवली आहे. तिथे भारतीय दाखल्याची सत्यता जर्मन दूतावासामार्फत प्रत्यक्ष चौकशी करून तपासली जाते, त्याला महिने लागतात आणि शुल्कही वेगळं. वारशाच्या प्रकरणात ही चौकशी पहिल्याच आठवड्यात सुरू करायला सांगा.

यात सगळ्यात जास्त वेळ नावं खातात. जन्मदाखल्यावर फक्त पहिलं नाव, पासपोर्टवर मधे वडिलांचं, लग्नानंतर तिथेच नवऱ्याचं, आडनाव माहेरचं एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर. युरोपीय नोटरीला यातून ही एकच व्यक्ती आहे याची खात्री पटवून घ्यावीच लागते. राजपत्रातली नावबदलाची नोंद, विवाह प्रमाणपत्र आणि ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र आधीच जमवून ठेवा, आणि भाषांतर त्या देशातल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या.

गोव्याच्या मंडळींना यातलं बरंचसं परकं वाटणार नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे नोटरीपुढे वहीत लिहिलेलं मृत्युपत्र, नोटरीचा वारसा दस्त, लग्नातली सामायिक मालमत्ता आणि मुलांसाठी राखीव निम्मा हिस्सा तिथे रुजलेला आहे. आज हे काम ‘गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम, २०१२’ खाली चालतं, तो डिसेंबर २०१६ मध्ये अमलात आला. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मूळ गोव्यात अधिवास असलेल्याच्या गोव्याबाहेरच्या, भारतातल्या मालमत्तेलाही हाच कायदा. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन लिस्बनला स्थायिक झालेल्या गोंयकाराच्या घरी म्हणून दोन फायली चालतात. पोर्तुगालमधल्या मालमत्तेसाठी तिथल्या नोटरीकडे वारस ठरवून घ्यायचे, आणि गोव्यातल्या घर-भाटासाठी (भाट म्हणजे बागायत) तालुक्याच्या विशेष नोटरीकडे वारसा दस्त करायचा. दोन्हीकडे वारसांची नावं, त्यांच्या जोडीदारांची नावं आणि लग्नाची मालमत्ता-पद्धत अक्षरशः सारखी लिहिली गेली पाहिजे. एकीकडे मुलीच्या नवऱ्याचं नाव आलं आणि दुसरीकडे सुटलं, तर पुढे विक्रीच्या वेळी त्याची सही मागितली जाते, आणि तोवर तो कुठे असेल ते सांगता येत नाही.